वडगावच्या लढाईची रस्त्याकडेची पाटी: साठ शब्दांत काय ठेवायचं, काय गाळायचं?

मावळमाथा:
जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वडगाव मावळला, मराठ्यांनी १७७९ मध्ये इंग्रजांवर मिळवलेल्या विजयाचं स्मारक आहे. पण ही लढाई एका जागेची नव्हे, रस्त्याची आहे. चार हजारांच्या आसपास माणसं आणि सामान वाहणारे १९,००० बैल घेऊन इंग्रज फौज बोरघाट चढली, कार्ल्यावरून ९ जानेवारीला तळेगावला पोचली. गाव जाळलेलं, दाणागोटा नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि वडगावात अडकली. कार्ले, तळेगाव, वडगाव अशा तिन्ही ठिकाणी थांबून वाचायच्या पाट्या हव्यात. वडगावसाठी माझा मसुदा:

"पेशवेपदावर हक्क सांगणारे रघुनाथराव यांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रज फौज तळेगावहून माघारी फिरली. महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांच्या फौजांनी तिला येथे वेढले. १६ जानेवारी १७७९ रोजी इंग्रजांनी तह करून १७७३ पासून घेतलेला मुलूख परत देण्याचे कबूल केले. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने हा तह पुढे नाकारला."

साठाच्या आत शब्द ठेवले ते मोजमापामुळे. ९० × ६० सेंमीच्या पाटीवर २५ मिमीचं अक्षर घेतलं तर मात्रा-उकारांसकट ओळीला ५० मिमी लागतात. समास सोडून दहा ओळी, ओळीत सहा शब्द. अक्षर याहून बारीक केलं की अनुस्वार आणि रफार आधी दिसेनासे होतात.

गडवाट:
मसुद्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य काढा. पाटीने इथे काय घडलं तेवढंच सांगावं. कलकत्त्याचा निर्णय कलकत्त्यात झाला. मराठ्यांनी इंग्रजांना लेखी शरणागती द्यायला लावली, हे मावळातल्या पोराला एका दमात कळलं पाहिजे. रघुनाथरावाचं नाव आलं की वाचणारा घरच्या भांडणात शिरतो आणि महादजी बाजूला पडतात. ३० शब्द पुरेत, अक्षर ४० मिमीचं करा.

मावळमाथा:
रघुनाथराव इंग्रजांच्या छावणीतच होते, म्हणजे ते इथेच घडलं. त्यांना वगळलं तर इंग्रज पुण्यावर का निघाले याचं उत्तरच उरत नाही. वाचणारा पुढे निघतो तो अर्धवट समजूत घेऊन.

आणि शेवटचं वाक्य. मुंबईच्या इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेऊन साष्टीत, म्हणजे मुंबईलगतच्या उत्तरेकडच्या बेटावर, पाय रोवला. वडगावच्या तहाने ती साष्टी परत यायची होती. प्रत्यक्षात १७८२ च्या सालबाईच्या तहात ती इंग्रजांकडेच राहिली. हे कोडं त्या एका वाक्याशिवाय सुटत नाही. विजय खरा होता, तो पुरा सांगितल्याने उणा होत नाही.

छिन्नी_हातोडा:
मजकुराआधी पाटी टिकेल कशी ते ठरवा. फ्लेक्स नकोच. छापील विनाइलवर लाल-पिवळा रंग आधी उडतो आणि दोन-तीन वर्षांत सगळं निळसर दिसतं. पितळी अक्षरं चोरीला जातात. काळा पाषाण घ्या, १० सेंमी जाडीचा. तुमच्या मापाची शिळा दीडशे किलोच्या वर भरते, कुणी सहज हलवत नाही. अक्षर ५ मिमी खोल, आत निमुळतं कोरा. मशीनने वाळू मारून दीड मिमी खोदून रंग भरतात, तो रंग काही पावसाळ्यांत जातो आणि मागे काहीच वाचता येत नाही. खोल अक्षर बिनरंगाचंही सावलीवर वाचता येतं. म्हणून तोंड उत्तरेला नको, तिथे शेवाळही लवकर धरतं. पाया काळ्या मातीत थांबवू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, शिळा कलते. मुरूम लागेपर्यंत खणा. साफसफाईला पाणी आणि नायलॉनचा ब्रश. ॲसिड आणि तारेचा ब्रश यांना सक्त मनाई.

नवी_नोंद:
इथेच माझा विरोध. तुम्ही दोघं वाक्यांवर अजून भांडताय आणि मजकूर दगडात कोरायला निघालात. एक चुकीची तारीख खोदली गेली की शंभर वर्षं तीच शाळेच्या वहीत उतरणार. दगड कोरा ठेवा, त्यावर फक्त स्थळ आणि वर्ष. मजकूर एनॅमल भाजलेल्या पोलादी पत्र्यावर लिहून चार बोल्टांनी बसवा. पुण्यातल्या जुन्या घरांवरचे नीलफलक बघा, छोटा मजकूर आणि सुटसुटीत पत्रा. बदल लागला तर पत्रा बदलतो, दगड नाही. बोल्ट स्टेनलेसचे आणि खास पान्यानेच निघणारे. एनॅमलला छिद्र भाजण्याआधीच पाडायचं. नंतर ड्रिल मारलं की तिथून तडकून गंज सुरू होतो.

छिन्नी_हातोडा:
बदलता येणारा पत्रा कुणीही बदलू शकतं, चांगल्या हेतूने किंवा वाईट. दगडात भर घालता येते, गुपचूप बदल करता येत नाही. चूक निघाली तर शेजारी दुसरी छोटी शिळा लावा, दुरुस्ती लोकांना दिसू द्या.

हद्दखूण:
जागेचं कुणीच बोललं नाही. रस्त्याच्या हद्दीत उभी केलेली शिळा रुंदीकरणात सगळ्यात आधी उखडली जाते. हद्दीबाहेर नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर उभी करा, ठरावात गट नंबर आणि देखभाल कुणाकडे हे दोन्ही लिहून घ्या. मागच्या बाजूला मूळ जागेचे अक्षांश-रेखांश कोरा. ताशी ६० ने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. १० सेंमीचं अक्षर चाळीसेक मीटरवरून दिसतं, म्हणजे वाचायला अडीच सेकंदही मिळत नाहीत. तेव्हा अलीकडे फक्त "वडगाव लढाई १७७९, २०० मी." एवढी खूण, आणि शिळेजवळ दोन गाड्या उभ्या राहतील इतकी जागा.

गडवाट:
जागेचं पटलं, मजकुराचं नाही. रघुनाथरावाचा उल्लेख तळेगावच्या पाटीवर टाका, वडगावची महादजींसाठी राहू द्या.

मावळमाथा:
तळेगावला न थांबणाऱ्याने मग काय वाचायचं? प्रत्येक पाटी एकटी वाचली तरी खरी ठरली पाहिजे. कार्ल्याचंच बघा. तिथे ४ जानेवारीला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. शत्रू असूनही शौर्यासाठी लोकांनी त्याला इष्टुर फाकडा म्हटलं, वडगावात त्याची समाधी दाखवतात. कार्ल्याच्या पाटीवर दिवस आणि मृत्यू एका परिच्छेदात, समाधीची गोष्ट "स्थानिक परंपरा" असा मथळा देऊन खाली वेगळी. त्या मजकुराचा मसुदा उद्या टाकतो.