मदत हवी आहे: नणंदेच्या लग्नासाठी प्रेस-ऑन (तयार, वरून चिकटवायची) नखे लावावीत की पार्लरमध्ये ॲक्रिलिक करून घ्यावीत?

सर्वांना नमस्कार.

वैशाखात माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न आहे. हळद, लग्न आणि सत्यनारायण असे सगळे कार्यक्रम सोलापुरातच असून तिने स्वतःसाठी पार्लरमध्ये ॲक्रिलिक नखे करून घेण्याचे नक्की केले आहे. "वहिनी, तुम्हीही माझ्याबरोबर चला, दोघींचे एकदम होऊन जाईल," असा तिचा आग्रह आहे, आणि हौस मलाही आहे. अडचण एवढीच की त्या आठवड्यात नवरीच्या हातांना आणि नवरीच्या वहिनीच्या हातांना सारखी कामे नसतात.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका शालेय गणवेशाच्या कारखान्यात तपासणीचे काम करते. शिवून आलेल्या शर्टांवरचे सुटे धागे कात्रीने कापणे, बटणे ओढून पाहणे, काजे नीट कापली गेली आहेत की नाहीत हे बोटाच्या टोकाने तपासणे आणि कॉलरची टोके बाहेर काढणे, असे काम दिवसभर चालते. शाळा उघडण्याआधीचे हे दिवस म्हणजे आमचा ऐन हंगाम असल्यामुळे लग्नाची रजा संपली की दुसऱ्याच दिवशी पुन्हा टेबलावर हजर व्हावे लागेल. घरी दोन्ही वेळा ज्वारीच्या भाकरी असतात. नळाला पाणी काही दिवसांआड येते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या दिवशी येते त्या दिवशी धुणे, भांडी आणि पिंपे भरणे एकत्रच उरकावे लागते आणि हात कित्येक तास ओले राहतात.

माझी नखे रुंद आणि जवळजवळ सपाट आहेत. त्यातच उजव्या तर्जनीच्या नखातून काही वर्षांपूर्वी शिलाई मशीनची सुई आरपार गेली होती. तेव्हापासून ते नख मुळापासून टोकापर्यंत मधोमध उंचवटा घेऊनच वाढते, आणि आता ते तसेच राहणार, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या नखावर तयार नख बसेल का, ही माझी मुख्य शंका आहे.

नवी पेठेतल्या दुकानात प्रेस-ऑन नखांची पाकिटे पाहून आले. काही पाकिटांत दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पारदर्शक पट्ट्या असतात, तर काहींत ग्लूची छोटी नळी असते. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे पट्टीवर एक-दोन दिवस आणि ग्लूवर आठवडाभर नखे टिकतात. दोन पार्लरमध्येही विचारले. खर्च प्रेस-ऑनच्या कितीतरी पट आहे. तो एका वेळेपुरता असता तर मी केलाही असता, परंतु दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्यावे लागेल आणि काढायलाही पार्लरमध्येच यावे लागेल, असे दोन्हीकडे सांगितले.

ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत किंवा जे या कामात आहेत, त्यांनी कृपया सांगावे की उंचवट्याच्या नखावर काय करता येईल, पाण्यात आणि पिठात हात असताना यांपैकी काय टिकेल, आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या आपल्याकडच्या उन्हात ग्लू दगा देतो का. "नखे लावूच नका" हा सल्ला सासूबाईंनी आधीच दिलेला आहे, त्यामुळे तो वगळून लिहिलेत तर बरे होईल.

प्रतिसाद: नखकाम_जुळे_सोलापूर

ताई, मी हेच काम करते, त्यामुळे ॲक्रिलिकची बाजू आधी मांडते.

ॲक्रिलिक म्हणजे द्रव आणि पूड. ब्रश द्रवात बुडवून पुडीला टेकवला की त्याच्या टोकावर ओलसर मणी तयार होतो. तो नखावर ठेवून दाबत दाबत आकार द्यायचा आणि काही मिनिटांत तो आपोआप कडक होतो, त्याला दिव्याची गरज लागत नाही. दातांच्या कवळ्या ज्या कुळातल्या प्लास्टिकच्या करतात, त्याच कुळातले हे आहे. ते प्रत्येक नखावर जागेवरच घडवले जात असल्यामुळे आपल्या तर्जनीचा उंचवटा त्यात पूर्ण झाकला जाईल. तयार नखाच्या बाबतीत मात्र उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते आणि पाणी नेमके तिथेच शिरते.

एवढे सांगूनही आपल्याला मी ॲक्रिलिक सुचवणार नाही. ॲक्रिलिक बसण्यापूर्वी नखाचा वरचा थर घासून खडबडीत करावा लागतो, आणि आपल्या नखावर उंचवटा असल्याने घासताना नेमका तोच भाग सर्वांत आधी पातळ होईल. काही मुली तर ड्रिल मशीन इतके दाबून चालवतात की नखाला चटका बसतो. चटका जाणवला तर तिथेच थांबवायला सांगायचे, लाजायचे नाही. शिवाय बोटाचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी फट दिसू लागते आणि लांब नखाचा सगळा भार पुढे सरकतो. अशा वेळी ते काजात किंवा धाग्यात अडकून ओढले गेले, तर ॲक्रिलिक एकटे निघत नाही, खालचे नखही फाटते. दिवसभर कापडात हात घालणाऱ्या बाईला हा धोका नवरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

नणंदबाईंना मात्र एक निरोप द्या. पार्लरमध्ये द्रव कोणता वापरता, हे विचारायला सांगा. चांगल्या कामात इथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ईएमए, वापरतात. मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए, स्वस्त पडते, परंतु ते फार कडक होते, ॲसिटोनमध्ये, म्हणजे नखे काढायच्या द्रवात, सहजासहजी विरघळत नाही आणि धक्का बसला की स्वतः न मोडता नखच मोडते. अमेरिकेत नखे आणि त्वचा बिघडल्याच्या तक्रारी आल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच शुद्ध एमएमएच्या उत्पादनांवर न्यायालयामार्फत कारवाई केली होती. बाटलीवर नाव नसेल, वास नेहमीपेक्षा फार उग्र असेल आणि दर संशय येण्याइतका कमी असेल, तर तिथून उठावे.

प्रतिसाद: औषधाच्या_दुकानातून

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त ॲलर्जीचा भाग जोडतो, कारण त्याबद्दल पार्लरमध्ये कोणी बोलत नाही.

ॲक्रिलिक आणि जेल (दिव्याखाली कडक होणारा दुसरा प्रकार), या दोन्हींतील कडक न झालेला द्रव त्वचेला वारंवार लागला तर ॲलर्जी होऊ शकते. बोटांची टोके लाल होणे, खाजणे, सोलवटणे, आणि पुष्कळदा पापण्यांवर पुरळ येणे, अशी तिची लक्षणे असतात. पापण्यांवर यासाठी की आपण नकळत हात डोळ्यांकडे नेतो. ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते, आणि त्याच कुळातील द्रव्ये दातांच्या कामात तसेच सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही वापरली जात असल्यामुळे पुढे उपचारांच्या वेळी डॉक्टरांना ती आठवणीने सांगावी लागते. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून हेमा नावाचे द्रव्य असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांच्याच वापरासाठी ठेवली, ती याच कारणाने. आपल्याकडे मात्र ऑनलाइन मागवून घरच्या घरी जेल लावणाऱ्या मुली वाढत आहेत, हे मला काळजीचे वाटते.

प्रेस-ऑनचा ग्लूही पूर्ण निर्धोक नाही. तो सायनोॲक्रिलेट असतो, म्हणजे घरात वापरतो त्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचाच भाऊबंद. तो त्वचेवर न सांडता फक्त नखावर लावावा. ताई कापडाच्या कामात आहेत म्हणून मुद्दाम लिहितो: हा ग्लू कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तो क्षणात घट्ट होतो आणि त्या वेळी इतकी उष्णता बाहेर पडते की त्वचा भाजू शकते. म्हणून सांडलेला ग्लू पदराने, चिंधीने किंवा कापसाच्या बोळ्याने पुसायला जाऊ नये, आणि कारखान्यात बसून तर नखे लावूच नयेत.

ग्लूची नळी आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची नळी एका फडताळात ठेवू नये, हेही सांगून ठेवतो. दोन्ही सारख्याच दिसतात.

प्रतिसाद: बाळीवेशीतली_सून

भाकरीबद्दल मी लिहिते. लांब नखांनी भाकरी थापली की बोटांची टोके परातीला लागण्याआधी नखे लागतात आणि भाकरीला भोक पडते. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतानाही तेच होते. शिवाय नखाखाली गेलेले ज्वारीचे पीठ वाळल्यावर दगडासारखे होते आणि ते काढायला काडी घातली की नखच उचकटते. म्हणून लांबी कमी ठेवा. पाकिटातली नखे कापून आणि फाइलने घासून बोटाच्या टोकाबरोबर आणता येतात. ती तशीच सुंदर दिसतात आणि मोठ्या बाटलीचे झाकणही उघडता येते.

सपाट नखांचा त्रास मलाही आहे. तयार नख कमानीसारखे वाकलेले असते. ते सपाट नखावर दाबून बसवले तरी आतल्या आत पुन्हा वर यायला बघते आणि कडेने सुटते. त्यावर उपाय असा की नख लावण्यापूर्वी काही मिनिटे गरम पाण्यात टाकायचे, मऊ झाले की दोन्ही कडा बोटांनी हलकेच पसरवायच्या आणि गार होईपर्यंत तसेच धरून ठेवायचे. मापात शंका असेल तेव्हा मोठे नख घेऊन कडा घासाव्यात. लहान नख रेटून बसवले तर ते सगळ्यांत आधी निघते.

पट्ट्या घ्यायच्या असतील तर फक्त संध्याकाळच्या स्वागत समारंभापुरत्या घ्या. वैशाखातल्या दुपारी घामाने त्या सैल पडतात. ग्लू उन्हाने तसा बिघडत नाही, पण तो बसण्यापूर्वी नखावर तेल, क्रीम किंवा घाम काहीही असता कामा नये. साबणाने हात धुवा, नख कोरडे करा, फाइल एकदा हलकेच फिरवा आणि स्पिरिटने पुसा. मग मुळाच्या बाजूने टेकवून पुढे दाबत न्या आणि अर्धा मिनिट सोडू नका. रात्री निजण्यापूर्वी लावलीत तर सकाळपर्यंत पाण्याचा संबंध येत नाही.

मूळ धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काजात नख अडकण्याचा मुद्दा वाचल्यावर ॲक्रिलिकचा विचार मी सोडला आहे. आखूड प्रेस-ऑन ग्लूने लावीन. तर्जनीबद्दल मात्र अजून निर्णय होत नाही: उंचवट्याच्या बाजूची पोकळी ग्लूने भरली तर चालेल का? दुसरे असे की मेंदी हळदीच्या आदल्या दिवशी आहे. तेव्हा नखे मेंदीच्या आधी लावावीत की नंतर?

प्रतिसाद: नखकाम_जुळे_सोलापूर

नंतरच, आणि हळदीच्याही नंतर. मेंदीवर निलगिरीचे तेल किंवा लिंबू-साखर लावतात आणि त्यावर ग्लू धरत नाही. हळदीने तर फिकट रंगाचे प्लास्टिक पिवळे पडते आणि तो डाग घासूनही जात नाही. नणंदबाईंचे ॲक्रिलिक हळदीच्या आधी होणार असेल, तर त्यांना गुलाबी-पांढरा रंग सोडून गडद रंग घ्यायला सांगा.

तर्जनीची पोकळी थोडी असेल तर ग्लूचा थर जरा जास्त लावून भरता येईल. मात्र नख दाबल्यावर आत हवेचा बुडबुडा दिसला तर ते काढून पुन्हा बसवा. पोकळी मोठी असेल तर त्या बोटाला तयार नख लावूच नका, त्याच रंगाचे नेलपेंट लावा. सगळी नखे आखूड असल्यावर फोटोत फरक कळत नाही, हे मी माझ्या गिऱ्हाइकांवर पाहिले आहे. आत पाणी साचून राहिले तर जंतू वाढून नख हिरवट दिसू लागते. तसे झाले तर वरून रंग लावून झाकायचे नाही, नख काढून डॉक्टरांना दाखवायचे.

कारखान्यात परत जाण्याच्या आदल्या रात्री सगळी काढून टाका. कोमट पाण्यात साबण आणि थोडे गोडेतेल घालून पंधरा-वीस मिनिटे बोटे बुडवा, मग कडेने लाकडी काडी हळूच फिरवा. सुटले नाही तर पुन्हा बुडवा, ओढू नका. ॲसिटोन वापरायची वेळ आलीच तर गॅस आणि देवघरातला दिवा, दोन्हींपासून लांब बसा, कारण ते फार लवकर पेट घेते.

मूळ धागाकर्ती

समजले. लग्नाच्या आदल्या रात्री लावीन आणि तर्जनीला रंगच लावीन. नणंद लग्नानंतर पुण्याला जाणार आहे. तिचे ॲक्रिलिक तीन आठवड्यांनी तिथल्या एखाद्या पार्लरमध्ये काढता येईल का, की ज्यांनी केले त्यांच्याकडेच यावे लागते?

प्रतिसाद: नखकाम_जुळे_सोलापूर

कुठेही निघते. फक्त कोणत्या कंपनीची पूड आणि कोणते द्रव वापरले, हे पार्लरमधून निघताना लिहून घ्यायला सांगा आणि बाटलीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगा. पुण्यातल्या मुलीला ते पाहून किती वेळ भिजवायचे याचा अंदाज येईल.