मदत हवी आहे : बातम्यांचं इंग्रजी बोलण्यात कसं उतरवायचं?

नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजी बातम्यांचा वर्ग घेतो. 'हितवाद' या इंग्रजी दैनिकातली दीडशे-दोनशे शब्दांची एकच बातमी, त्यातले पाचच शब्द, तेही जोडीनं: नुसतं 'बेल' (जामीन) नाही, तर 'ग्रँट बेल', 'डिनाय बेल'. सुटे शब्द पाठ होतात, पण वाक्यात भलत्याच क्रियापदाला चिकटतात.

खरी अडचण मथळ्यांची. 'हायकोर्ट क्वॅशेस ऑर्डर' (हायकोर्टाकडून आदेश रद्द) यात घटना होऊन गेलेली, काळ मात्र वर्तमान. 'सीएम टू व्हिजिट नागपूर' म्हणजे भेट अजून व्हायची आहे. 'इज', 'द' तर गाळलेलेच. मुलं हीच तुटकी रचना बोलण्यात आणतात. मथळ्याचं पूर्ण वाक्य लिहून घेतलं की लिखाण सुधारतं, बोलताना मात्र पुन्हा तेच!

आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र या मुलांना वेगवान वाटतं. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' सोपं आहे, लेखी मजकूरही मिळतो, पण विषय सहसा आपल्याकडचे नसतात. हिवाळी अधिवेशन, संत्र्याचे भाव, उष्णतेची लाट अशा विषयांवर संथ आवाजातला, मजकुरासह ऑडिओ कुठे मिळेल? आणि मथळ्याकडून बोलण्याकडे नेणारा एखादा तोंडी सराव कोणी वर्गात वापरला असेल, तर किती मिनिटांचा आणि कोणत्या इयत्तेसाठी, तेही कृपया सांगा.