टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळणारा) किती लाखाचा काढावा? साडू १० लाख म्हणायलाय

मांजराकाठ:
राम राम मंडळी. लातूरला एमआयडीसीत कामाला आहे, वय ३४, हातात ३८ हजार येतात. घरी आई-वडील, बायको, पोरगी ६ वर्षांची अन् पोरगं २ वर्षांचं. घराचं कर्ज १४ लाख बाकी, गावाकडं ४ एकर कोरडवाहू. दोन मनीबॅक (मधनंमधनं थोडे पैसे परत देणाऱ्या) पॉलिस्या आहेत, मिळून ५ लाखाचं कव्हर अन् हप्ता वर्षाला ४२ हजार. साडू एजंट आहे, तो म्हणायलाय अजून १० लाखाची एक काढ, झालं. नेमकं किती पाहिजे हेच कळंना.

औसारोड:
साडूनं आकडा हप्त्यावरून काढला असणार, तुम्ही खर्चावरून काढा. तुमचं पेट्रोल-चहापाणी सोडून घराला महिन्याला समजा २१ हजार लागतात, म्हणजे वर्षाला अडीच लाख, धाकटं कमवायला लागेस्तोवर २० वर्षं धरली तर झाले ५० लाख. महागाई वाढती पण ठेवलेल्या पैशाला व्याज बी येतं, ढोबळ हिशोबात दोन्ही कटवून टाका. वर कर्ज १४ अन् दोघांच्या शिक्षणाचे २० (लातुरात राहता, मेडिकलच्या नीट परीक्षेच्या रिपीटर बॅचची फी मी काय सांगू). ८४ झाले. त्यातून जुनं कव्हर अन् पीएफ वजा केला तर ७५ च्या आसपास. मी असतो तर सरळ १ कोटीचा टर्म ६० वयापर्यंत घेतला असता. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी बी नाही. उत्पन्न बघूनच कव्हर देतात, फॉर्म १६ (कंपनी देती तो पगार-कराचा दाखला) काढून ठेवा. अन् हां, होमलोनसोबत बँकेनं विमा गळ्यात मारलाय का बघा, असला तर ते १४ परत मोजू नका.

सोयाबीनवाला:
४ एकर आहे की भौ, कशाला एवढं. वेळ पडली तर विकता येती.

गोदाकाठची:
रान कुणाच्या नावावर आहे ते विचारलं का? सासऱ्याच्या नावावर असलं तर सुनेला इकता येत नाही, अन् पुढं वारस लागायचे म्हणलं की दीर, नणंदा, सगळ्यांच्या सह्या आल्या. अडचणीत इकलेल्या कोरडवाहूला भाव तरी कोण देतंय.
दादा, फॉर्मवर तंबाखू-गुटखा खरं लिहा, साडू नको म्हणला तरी. हप्ता वाढंल, वाढू द्या. पहिल्या ३ वर्षांत काही झालं अन् लपवलेलं निघालं तर क्लेम अडकतो. वहिनीचं बँकेत खातं असंलच, ४३६ रुपयांत २ लाखाचा जीवनज्योती विमा आहे, तो तरी काढा. पोरांचं, म्हाताऱ्यांचं सगळं तीच करती ना.
कुणाला जामीन आहात का?

मांजराकाठ:
ताई, रान वडलांच्याच नावावर. जामीन आहे, भावाच्या खताच्या दुकानाच्या कर्जाला. त्याचा काय संबंध?

गोदाकाठची:
मग पॉलिसी विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या, १८७४ चा जुना कायदा आहे. पैसा थेट बायको-पोरांचा होतो, कर्ज देणाऱ्यांना हात लावता येत नाही. पण ते काढतानाच फॉर्मवर लिहावं लागतं, मागून होत नाही, अन् एकदा लिहिलं की लाभार्थी बदलता येत नाहीत.

मांजराकाठ:
हे साडूनं कधीच सांगितलं नाही. मनीबॅक बंद करून टाकू का मग?

औसारोड:
आत्ताच नको. पेडअप केली (हप्ते थांबवून कमी कव्हरवर चालू ठेवली) तर काय अन् सरेंडर केली (मोडली) तर काय मिळतं, दोन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या. अन् नवी टर्म हातात पडल्याबिगर जुनीचा हप्ता चुकवू नका, मेडिकलमध्ये शुगर-बीपी निघालं तर कंपनी नाही बी म्हणू शकती.