शब्दचर्चा: काळी माशी, सूत्रकृमी आणि बिचारा यजमान

प्रश्न
ओढ्यातल्या किड्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. विषय सिम्युलियम माशीच्या अळ्या आणि त्यांच्या अंगात वाढणारे मर्मिथिड कुळातले कृमी. 'ब्लॅक फ्लाय'ला 'काळी माशी', 'नेमॅटोड'ला 'सूत्रकृमी' आणि 'होस्ट'ला, म्हणजे ज्याच्या अंगात कृमी वाढतो त्या जिवाला, 'यजमान' लिहिलं. नवऱ्याने वाचून विचारलं, "सत्यनारायण कुणाकडे आहे?" तिन्ही शब्दांवर मत हवंय.

नागपूरहून
बाकीचं जाणकार सांगतील, पण 'काळी माशी' नकोच. आमच्याकडे काटोल-वरूड पट्ट्यात काळी माशी म्हणजे संत्र्याची. पानाखाली बसून रस शोषते, तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते, तिला कोळशी म्हणतात. आणि ती मुळात माशीच नाही, पांढऱ्या माशीच्या गोतातली, चार पंखांची. तुमची सिम्युलियम दोन पंखांची, खरी माशी. तुमचा लेख वाचून आमचा काका ओढा सोडून बागेत फवारणीला जायचा!

उत्तर
चिलटं, घुंगुरटं, मुरकुटं हे शब्द आहेत, पण सगळे ढोबळ. केळ्यावर घोंगावतं तेही चिलटच. सिम्युलियम पाचेक मिलिमीटरपर्यंतची, पाठीला वाशिंड आल्यासारखी, आणि रक्त पिते ती फक्त मादी. दार्जिलिंगकडे तिला पिप्सा म्हणतात, पण ते मराठीत कोण ओळखणार? 'सिम्युलियम माशी' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वाहत्या पाण्यात वाढणारी चावरी माशी' एवढं जोडा. पश्चिम आफ्रिकेत तिच्या चाव्यातून नदीअंधत्व पसरायचं; 1974 ते 2002 तिथे नद्यांवर हेलिकॉप्टरमधून अळीनाशक फवारत होते. हे एक वाक्य घातलंत तर वाचक माशी विसरणार नाही.

उत्तर
'सूत्रकृमी'बद्दल. शब्द चोख आहे, ग्रीक 'नेमा' म्हणजेही धागाच. पण डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारेही सूत्रकृमीच, म्हणून डाळिंबवाला तो वाचून त्या गाठी शोधेल. 'जंत' तर नकोच, ते पोटातले. आपल्या लोकांना डोळ्यांनी माहीत असलेला सूत्रकृमी म्हणजे नारू, माणसाच्या कातडीतून बाहेर पडणारा लांब दोऱ्यासारखा कृमी, तोही पाण्यातूनच यायचा. फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यामुळे तिशीच्या आतल्यांना नारू सांगून उपयोग नाही.

मी सिम्युलियमच्या अशा कृमी असलेल्या अळ्या भिंगाखाली पाहिल्यात. ओढ्यातला दगड उचलला की त्या रेशमाच्या गादीत शेपटाकडचे आकडे रोवून उभ्या दिसतात, डोक्यावरचे दोन पंखे पसरून वाहतं अन्न गाळत. एखादीचं पोट पारदर्शक असतं आणि आत पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी. उलगडली तर अळीच्या कित्येक पट लांब! ग्रीकमध्ये 'मर्मिस' म्हणजे दोरी, म्हणून मर्मिथिड. कृमीचं सूक्ष्म पिल्लू कोवळ्या अळीची कातडी भोकसून शिरतं आणि आपल्या अंगाच्या कातडीतूनच तिचं अन्न शोषतं. कोषात जायला तयार अळीच्या छातीवर दोन्ही बाजूंना काळसर ठिपका येतो, तो कोषाच्या कल्ल्यांचा. कृमी असलेल्या अळीत तो सहसा नीट येतच नाही. शेवटी कृमी कातडी फाडून बाहेर पडतो, अळी मरते. पुढे तो काही खात नाही. तळच्या वाळूत कात टाकतो, जुगतो, अंडी घालतो. क्वचित तो पंख फुटलेल्या माशीतही टिकतो. माशी पाण्याकडे परतली की तिथे उतरतो, आणि प्रवाहाविरुद्ध वर पोचायची सोय फुकट होते.

म्हणून 'यजमान' मला आवडतो. जेवू घालून पाहुणा हात धुवून निघून जाईल तर ठीक, इथे यजमानाचीच आहुती पडते! 'परजीवी' मात्र जपून वापरा. ऊ, गोचीडही परजीवीच, पण ऊ सहसा जीव घेत नाही. या कृमीला यजमान मारल्याशिवाय बाहेरच पडता येत नाही.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य असं केलंय: "ओढ्यातल्या दगडांना धरून राहणाऱ्या सिम्युलियम माशीच्या अळीत एक पांढरा, दोरीसारखा सूत्रकृमी वाढतो आणि तिचा जीव घेऊनच बाहेर पडतो." 'यजमान' दुसऱ्या परिच्छेदात ठेवलाय. नवऱ्याला दाखवलं. म्हणतो, आता प्रसाद तरी कळला.