मदत हवी आहे: बेनेट स्प्रिंगला ट्राउट फिशिंग, वडिलांच्या परवान्याचं अडलंय (शनिवारी निघायचंय)

मीनल_के | मंगळवार, रात्री १०:४२

शनिवारी पहाटे बेनेट स्प्रिंगला (मिझुरीतलं स्टेट पार्क) निघतोय. बाबांना ट्राउट धरायचाय. परवान्याचा ऑनलाइन फॉर्म त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतो आणि तिथेच अडकतो. तीनदा भरून झाला. बाबा एकाहत्तरचे आहेत, त्यांना परवाना लागतो का? लागत असेल तर कसा काढायचा? तिथे गांडूळ चालतं की फ्लायच (पिसांचा खोटा किडा) लागते? दोन रात्री राहायचंय, थोडा ट्रेकही करायचाय. इथला जुना धागा वाचला, त्यात नुसते फोटो आहेत. प्लीज लवकर सांगा.

ओझार्ककर | मंगळवार, रात्री ११:०५

एकाहत्तर म्हणजे निर्धास्त जा. मिझुरीत ६५ पूर्ण झाली की फिशिंग परमिट लागत नाही. फक्त पार्कातल्या दुकानातून ट्राउट टॅग, म्हणजे त्या दिवशी ट्राउट धरायची चिठ्ठी, घ्यायचा. फॉर्मच्या मागे लागून वेळ घालवू नका.

मी बारा वर्षं जातोय तिथे. झरा एकदा बघाच. दिवसाला साधारण दहा कोटी गॅलन पाणी जमिनीतून वर येतं, तेही अजिबात आवाज न करता. निळसर हिरवा डोह नुसता हलत असतो.

सह्यभटक्या | मंगळवार, रात्री ११:२०

ट्राउटच धरायचा तर कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडात या. दहा हजार फुटांवरच्या तळ्यात धरलेला ट्राउट आणि हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) रोज रात्री ओतलेला ट्राउट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेनबो ट्राउट मुळात पॅसिफिककडचा मासा, मिझुरीचा नव्हेच. सिएरात बिशपच्या बाजूने वर चढलात की...

मीनल_के | मंगळवार, रात्री ११:२६

आम्ही सेंट लुईसला राहतो. शनिवारी सिएराला कशी जाऊ?

@ओझार्ककर, खूप आभार! जीव भांड्यात पडला.

गरी_देवगड | बुधवार, सकाळी ६:५०

मीनल, थांब. बाबा तुझ्याकडेच राहतात की भारतातून आलेत?

मीनल_के | बुधवार, सकाळी ७:१५

भारतातून आलेत. २२ ऑक्टोबरला परत जाणार. पण त्याचा इथे काय संबंध?

गरी_देवगड | बुधवार, सकाळी ७:३१

सगळा संबंध त्याचाच आहे. ६५ वर्षांची सूट मिझुरीच्या रहिवाशांना आहे. व्हिसावर आलेले बाबा रहिवासी नाहीत, मग वय एकाहत्तर असो की नव्वद. राज्याबाहेरच्या माणसाला सोळाव्या वर्षापासून परमिट लागतं. त्यांना बिगर-रहिवाशाचं एक दिवसाचं परमिट काढायचं आणि वर ट्राउट टॅग घ्यायचा. दोन दिवस गरी टाकणार असाल तर दोन्ही गोष्टी दोन दिवसांच्या.

सासरे आले होते तेव्हा माझंही याच फॉर्मवर अडलं होतं. नंबर विचारणं कायद्यानेच आहे, पण ज्याला नंबर मिळालेलाच नाही त्याच्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. मी पासपोर्ट घेऊन परवाने विकणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर गेलो, दहा मिनिटांत काम झालं. तू आज कॉन्झर्वेशन डिपार्टमेंटला फोन करून विचार आणि शुक्रवारच्या आत काउंटरवर जा. शनिवारी पहाटे तिथे पोचून हे करत बसू नकोस.

ओझार्ककर | बुधवार, सकाळी ८:०२

मी बारा वर्षांत एकाही म्हाताऱ्या माणसाला अडवलेलं पाहिलं नाही. बाबा दोन तास नदीवर उभे राहणार, कोण येतंय तपासायला?

गरी_देवगड | बुधवार, सकाळी ८:१०

तपासतात. टॅग अंगावर दिसेल असा लावावा लागतो तो त्याचसाठी. आणि प्रश्न पकडलं जाण्याचा नाहीच. परदेशातून आलेला माणूस, मुलीच्या घरी पाहुणा. त्यांच्यावर नियम मोडल्याची नोंद व्हावी असं तुम्हाला वाटतं का? तुमचं उत्तर वाचून ती निश्चिंत होऊन निघाली असती.

ओझार्ककर | बुधवार, सकाळी ८:४४

ते भारतातून आलेत हे पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं. त्या माहितीवर माझं उत्तर बरोबरच होतं. पण आता कळल्यावर गरींचं ऐका, हे मीही म्हणतो.

शमा_डीएफडब्ल्यू | बुधवार, सकाळी ९:१५

त्या मुक्या जिवाला गळाला लावून काय मिळतं, हे मला खरंच समजत नाही. नुसतं नदीकाठी बसा, पक्षी बघा, बाबांना तेवढाच आनंद होईल.

मीनल_के | बुधवार, सकाळी ९:४०

शमाताई, बाबा देवगडच्या खाडीवर लहानपणापासून गरवतात. इथे आल्यापासून तीन आठवडे घरात आहेत. शेजारच्या गराज सेलमधून त्यांनी जुना रॉड आणि रील आणलाय. रोज संध्याकाळी वर्तमानपत्र पसरतात, रील उघडतात, पुसतात, एक थेंब तेल घालतात, परत लावतात आणि कानाशी धरून फिरवून बघतात. बावीस तारखेच्या आत तो रॉड एकदा पाण्यात गेला पाहिजे. मला एवढंच हवंय.

गरीदादा, फोन करते. गांडुळाचं कोणीच सांगितलं नाही.

अनघा_केसी | बुधवार, सकाळी १०:२२

गांडूळ चालतं, पण सगळीकडे नाही. तिथे नदीचे तीन झोन आहेत. पहिल्यात फक्त फ्लाय. दुसऱ्यात फ्लाय आणि आर्टिफिशियल लुअर (धातू-प्लास्टिकचं खोटं आमिष). गांडूळ, पीठ, वासाचं आमिष हे सगळं तिसऱ्यात, म्हणजे व्हिसल ब्रिजच्या खाली, निआंग्वा नदीला पाणी मिळतं तिथपर्यंत. पाट्या लावलेल्या आहेत, पण पहाटेच्या धुक्यात दिसत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी चालत जाऊन जागा बघून ठेवा. एका माणसाला एकच रॉड. दिवसाला चार मासे.

वेडर (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट-बूट) आहेत का तुमच्याकडे? आणि राहताय कुठे? तंबूत की केबिनमध्ये? बुकिंग झालंय ना?

मीनल_के | बुधवार, सकाळी ११:०५

वेडर मित्राचे आणतोय. बुकिंग तिथे गेल्यावर करू म्हणतोय, तंबू आहे. पार्कात एंट्री फी नाही असं वाचलं.

अनघा_केसी | बुधवार, सकाळी ११:१२

एंट्री फ्री आहे हे खरं, मिझुरीच्या कुठल्याच स्टेट पार्कला एंट्री फी नाही. कॅम्पिंगची जागा मात्र फुकटही नाही आणि मोकळीही नसते! बुकिंग वर्षभर आधी उघडतं आणि हंगाम ३१ ऑक्टोबरला संपतो, म्हणजे हे शेवटचे वीकेंड. आत्ता, हा मेसेज वाचून होताच, साइट उघडून कोणी रद्द केलंय का बघा. नसेल तर निआंग्वाच्या काठाने खासगी रिसॉर्ट आहेत.

आणि मित्राच्या वेडरचे तळ बघा. फेल्टचे (जाड, पाणी शोषणाऱ्या कापडाचे) असतील तर आणू नका. २०१२ पासून मिझुरीच्या ट्राउटच्या पाण्यात सच्छिद्र तळ बंद आहेत. डिडिमो नावाचं शेवाळ त्या ओल्या फेल्टमधून एका नदीतून दुसरीत जातं. रबरी तळ चालतो.

ओझार्ककर | बुधवार, सकाळी ११:३०

एकाहत्तरच्या माणसाला ऑक्टोबरात तंबूत झोपवू नका. दिवसा हवा छान असते, पण रात्री दरीत थंडी साचते आणि पहाटे तंबूचं कापड आतून ओलं होतं. केबिन घ्या.

गरी_देवगड | बुधवार, सकाळी ११:४१

खाडीच्या माणसाला थंडीचं काय सांगता? चांगला मॅट आणि दोन ब्लँकेट दिली तर बाबा तंबूतच खूश असतील. बाबांनाच विचार ना मीनल, कोणी विचारलंय का त्यांना?

राजन_रोला | बुधवार, दुपारी १२:५०

सेंट लुईसहून बेनेटला पावणेतीन तास कशाला? आय-४४ हायवेवर अर्ध्या वाटेत सेंट जेम्सजवळ मॅरामेक स्प्रिंग आहे. तिथेही ट्राउट, तिथेही झरा, शिवाय १८२६ साली सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्याच्या दगडी भट्ट्या उभ्या आहेत. सकाळी मासे, दुपारी भट्टी, रात्री घरी.

अनघा_केसी | बुधवार, दुपारी १:०४

मॅरामेक सुंदर आहे, पण ते स्टेट पार्क नाही, जेम्स फाउंडेशनचं आहे, गाडीचे पैसे पडतात. आणि त्यांना दोन रात्री राहायचंय, त्यांनी तसं लिहिलंय.

राजन_रोला | बुधवार, दुपारी १:२०

बरं, मग मोंटॉक. करंट नदी उगमापाशी बघितल्याशिवाय मिझुरी पाहिली म्हणू नये.

कल्याणी_एमडी | बुधवार, दुपारी ३:३५

ट्रेकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तिथला मोठा ट्रेल नॅचरल टनेलचा, जाऊन-येऊन साडेसात मैल. शेवटी डोंगराच्या पोटातून जवळजवळ ३०० फुटांचं नैसर्गिक बोगदं आहे, टॉर्च न्या. बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का ते आधी ठरवा, नाहीतर झऱ्यापर्यंतची छोटी वाट पुरे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोचीड. ओझार्कमध्ये लोन स्टार गोचीड भरपूर आहेत, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो. तिच्या चाव्याने काहींना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते, मग मटण, बीफ, पोर्क खाल्लं की काही तासांनी अंगावर पित्त उठतं, क्वचित श्वासही अडतो. पँट मोज्यात खोचा, कपड्यांना परमेथ्रिन (कीटकनाशक फवारा) आदल्या दिवशीच मारून वाळवा, कातडीला डीट (किडे दूर ठेवणारं औषध). रात्री आंघोळ करताना काखा, गुडघ्याची मागची बाजू, कमरेचा पट्टा तपासा. आईबाबांना हे नीट समजावून सांगा, आपली माणसं "एवढंसं किडूक" म्हणून सोडून देतात.

सह्यभटक्या | बुधवार, दुपारी ४:१०

अवांतर: ट्राउट खायचा तर पहलगामचा. ब्रिटिशांनी काश्मिरात आणून सोडला आणि तिथल्या थंड पाण्यात तो रुजला. आम्ही २०१९ च्या मेमध्ये लिद्दरच्या काठावर...

वैनी_मालवण | बुधवार, संध्याकाळी ५:०२

मासे मिळाल्यावर काय करणार ते सांगा आधी! गोड्या पाण्यातला मासा म्हणून नाक मुरडू नका. खवले काढायची गरज नाही, फार बारीक असतात. पोट चिरून आतडी काढल्यावर पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ दिसेल. अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याने ती खरवडून काढाच. राहिली तर मासा कडवट लागतो आणि दोष माशाला जातो. मग मीठ, हळद, तिखट, आगळ. रव्यात घोळवून तव्यावर.

राजन_रोला | बुधवार, संध्याकाळी ५:२०

आगळ नको, चिंच लावा. आगळाने ट्राउटची नाजूक चव मरते.

वैनी_मालवण | बुधवार, संध्याकाळी ५:२४

चिंच लावली की रवा तव्याला चिकटतो. चाळीस वर्षं मासे तळतेय मी.

अनघा_केसी | बुधवार, संध्याकाळी ६:००

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच घ्या. लाकडातून झाडं पोखरणारे किडे दुसऱ्या जंगलात जातात. मीनल, परमिटचं काय झालं?

मीनल_के | गुरुवार, दुपारी २:१८

झालं! फोन केला, मग बाबांना आणि पासपोर्टला घेऊन दुकानात गेले. बाईंनी दोन दिवसांचं काढून दिलं. बाबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवलाय. वेडरचे तळ फेल्टचेच निघाले, परत दिले. एक केबिन कोणीतरी रद्द केली होती, ती मिळाली. तंबूचं बाबांना विचारलं, म्हणाले, "आईला थंडी सोसत नाही, केबिनच घे."

गरी_देवगड | गुरुवार, दुपारी २:४०

उत्तम. एक सांगायचं राहिलं. बाबांच्या परमिटवर तू किंवा जावईबापूंनी गरी टाकायची नाही, गंमत म्हणूनही नाही. ज्याच्या हातात रॉड, त्याच्या नावाचं परमिट आणि टॅग. पहाटे मासेमारी सुरू करायचा भोंगा वाजेपर्यंत पाण्यात काही टाकायचं नाही, हेही बाबांना सांग.

मीनल_के | सोमवार, रात्री ९:५५

काल रात्री परत आलो. सगळ्यांसाठी लिहितेय.

बाबांनी टॅग गांधी टोपीला टाचणीने लावला होता. व्हिसल ब्रिजच्या खाली आम्ही अंधारातच जाऊन उभे होतो. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, सगळे रॉड धरून गप्प. भोंगा वाजला आणि एकदम शेकडो दोऱ्या पाण्यावर पडल्या. बाबांची दोरी पहिल्यांदा शेजारच्या आजोबांच्या दोरीत गुंतली. त्या आजोबांनी न बोलता ती सोडवून दिली आणि हाताने दाखवलं की वरच्या अंगाला टाका, प्रवाहाबरोबर खाली येऊ दे.

पहिला तास काही नाही. दुसऱ्या तासात रॉडचं टोक दोनदा टकटकलं आणि बाबा मोठ्याने "हां!" म्हणाले, गावी म्हणतात तसं. रेनबो होता, वीतभराहून मोठा, अंगावर गुलाबी पट्टा. बाबांनी हात पाण्यात ओला करून मगच त्याला धरलं. पाणी इतकं थंड की त्यांची बोटं लाल झाली होती. दोन दिवसांत तीन मिळाले. चौथा हातातून निसटला, त्याबद्दल गाडीत पूर्ण रस्ता बोलत होते.

टनेलला मी आणि नवरा गेलो, बाबा-आई झऱ्यापर्यंत चालले. माझ्या पायावर एक गोचीड मिळाला, चावायच्या आत. कल्याणी, पाठीवर ठिपका होता.

वैनी, काळी रेघ काढली. आगळ लावलं.

वैनी_मालवण | सोमवार, रात्री १०:०३

रवा सुटला का तव्यापासून?

मीनल_के | सोमवार, रात्री १०:१०

सुटला. रील पुसून परत पेटीत ठेवलाय. रॉड घेऊन जायचं म्हणतात, विमानात कसा न्यायचा त्यासाठी नवा धागा काढते.