दोन कुत्री असलेलं घर : तुमचे अनुभव लिहा

ओसरी
दिवाळीच्या आवराआवरीत काल माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. आत दोन पट्टे. एक चामड्याचा, घुंगरू लावलेला, तो राजाचा. दुसरा सुती दोरी वळून केलेला, तो मोतीचा, कारण चामड्याचे सगळे पट्टे मोतीने खाऊन टाकले होते. आवरायचं तिथेच राहिलं.

सांगलीच्या आमच्या वाड्यात नव्वदीच्या दशकात ही जोडी होती. राजा पांढराशुभ्र पॉमेरेनियन, काकांच्या मित्राने दिलेला. मोती गावठी, तांबूस, एका कानाचा तुकडा गेलेला, स्वतःच येऊन ओसरीवर बसला आणि राहिला. राजाला पाऊस, झुरळ आणि पोस्टमन यांची भीती. मोतीला कशाचीच नाही.

गौरीजेवणाच्या दिवशीचं सांगते. ओट्यावर पुरणपोळ्यांची चवड, वर ओलं फडकं. घरात सवाष्णी, पोरंटोरं, नुसती धांदल. तेवढ्यात राजा फाटकापाशी जाऊन असा काही भुंकायला लागला की आई, काकू, आत्या सगळ्या बाहेर धावल्या. फाटकात चिटपाखरू नाही. परत येऊन बघतो तर फडकं जमिनीवर, आणि ओट्यापासून मागच्या दारापर्यंत पुरणाचा माग. माग काढत गेलो तर जास्वंदीखाली मोती, पोळी मधोमध तोंडात धरलेली, दोन्ही बाजूंनी पुरण गळतंय. आमच्या पायांतून वाट काढत राजा पोचला, तेव्हा मोतीने पोळी खाली ठेवली. राजाने कड खाल्ली, मोतीने पुरण.

आई संतापली होती. आजी म्हणाली, "नैवेद्याची वेगळी काढलेली, तिला तोंड नाही लावलं त्यानं. शहाणा आहे मोती."

एकटं कुत्रं माणसांच्या तोंडाकडे बघून शिकतं. दोघं असली की एकमेकांकडून शिकतात आणि तुमच्या घरात त्यांचा स्वतःचा संसार सुरू होतो. मला तो बघायला फार आवडायचा. तुमच्याकडच्या जोड्यांचं लिहा ना.

झणझणीत
पोळी खाली ठेवली हे वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.
आमच्याकडे एक चोर आणि एक वकील. ब्राउनी उशी फाडते, टायसन येऊन तिच्यासमोर उभा राहतो, तिला ओरडूच देत नाही. काल कापूस पूर्ण हॉलभर. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रातराणी
आमचे दोन्ही फटाक्यांना घाबरणारे. म्हणजे घाबरते सिम्बा. चिकू घाबरत नाही, पण सिम्बा बाथरूममध्ये जाऊन बसली की तो दाराबाहेर आडवा होतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही खिडक्या लावून पंखा मोठा करतो, टीव्ही लावतो, बाथरूममध्ये तिची गोधडी टाकतो. मागच्या वर्षी पाहुण्यांना बाथरूमला जायचं होतं आणि चिकू हलेना. शेवटी शेजारच्यांकडे पाठवलं पाहुण्यांना. त्यांनीही फराळ देऊनच परत पाठवलं.

पोळपाट
ओसरी, पुरणाला हरभराडाळ किती घेता तुम्ही सांगलीकडे? आमचं पुरण सैल होतं.

ओसरी
@पोळपाट किलो डाळीला किलो गूळ. कट पूर्ण निथळू द्यायचा. आणि पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं.

द्राक्षबाग
तासगाव. आमची बेदाण्याची शेड आहे. दोन कुत्री राखणीला, वाघ्या आणि हिरा. वाघ्या माणूस आला की भुंकतो, हिरा पाखरं हुसकते. कामं त्यांनीच वाटून घेतली, आम्ही काही शिकवलं नाही.

पण सीझनला दोघांना शेडपासून लांब बांधतो. डॉक्टरांनी सांगितलंय, द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. आधी वाटायचं फळच तर आहे. एकदा हिरा सुटली आणि जाळीखाली सांडलेल्या बेदाण्यांकडे निघाली. वाघ्याची साखळी तेवढी लांब नव्हती, पण तो इतका ओरडला की माझी मुलगी शाळेचा अभ्यास टाकून धावत गेली आणि हिराला उचलूनच आणली. एक दाणाही गेला नाही पोटात. त्या दिवसापासून मुलगी वाघ्याला आपल्या ताटातली भाकरी देते.

झणझणीत
@द्राक्षबाग अरे देवा, आम्ही शिऱ्यातले बेदाणे काढत नाही. किती खाल्ले तर धोका?

गोठा_ते_दवाखाना
मी पशुवैद्य आहे म्हणून लिहितो. अमुक इतके चालतात असा सुरक्षित आकडा नाही. एखाद्या कुत्र्याला थोड्यानेही त्रास होतो, एखाद्याला होत नाही. उलट्या, मलूलपणा, लघवी कमी होणं अशी लक्षणं दिसायची वाट बघू नये, खाल्लंय कळलं की लगेच डॉक्टरांना फोन. चॉकलेट आणि कांदा-लसूण यांचंही तेच. उरलेलं कालवण प्रेमाने घालतात लोक, त्यात कांदा असतोच. पुरणपोळीने मोतीला काही झालं नाही हे बरं, पण तुपागुळाने पोट बिघडतं.
दोन कुत्री असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, कुणी खाल्लं ते माहीत नसेल तर दोघांनाही आणा. माझ्याकडे लोक नेमकं ज्याने खाल्लं नाही त्याला घेऊन येतात. तोंडावरून अपराधी वाटतो म्हणे.

रातराणी
हाहाहा, चिकूचं तोंड जन्मजात अपराधी आहे!!

जुन्नरी
आमच्याकडं उसात बिबट्या. त्यामुळं कुत्री राती घरात. शेरू आणि खंड्या. दिवसभर दोघांची काय ती ऐट, रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी सोडत नाहीत. एका राती बाहेर दोघं जोरात भुंकली, आन मग एकदम गप. आईनं दार किलकिलं केलं, तशी दोघं तिच्या पायातनं आत घुसली आन सरळ आजोबांच्या बाजेखाली. बाज हलायला लागली. आजोबा उठले, म्हणाले भूकंप झाला का. सकाळी अंगणातल्या चिखलात पंज्यांचे ठसे होते.
दोघं आत आली तेच मोठं काम केलं त्यांनी. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं त्याच आठवड्यात. आता मेंढपाळांकडं असतो तसला खिळ्यांचा पट्टा आणलाय दोघांना आन दिवस मावळायच्या आत दार बंद.

ओसरी
@जुन्नरी काळजी घ्या. आजोबांना नमस्कार सांगा.

स्प्रेकाठची
बर्लिनहून. इथे कुत्र्यावर कर आहे. पहिल्याला वर्षाला १२० युरो, दुसऱ्याला १८०! नवरा म्हणतो दुसऱ्याला सूट द्यायला हवी होती. तरी ढब्बूच्या पाठोपाठ चिंगी आलीच.

दोघांना मराठीच कळतं. "थांब", "खाली बस", "सोड ते". शेजारच्या जर्मन आजी आता ऐटीत "खाली बस" म्हणतात आणि दोघं बसतात. ग्रूनेवाल्डच्या जंगलात कुत्री मोकळी सोडता येतात, तळ्यात पोहूही देतात. तिथे उन्हाळ्यात एका कुटुंबाचा वाढदिवस चालला होता. ढब्बू तळ्यातून बाहेर आला, त्यांच्या चादरीच्या मधोमध उभा राहिला आणि अंग झाडलं. केक, चष्मे, आजोबांचं वर्तमानपत्र, सगळं ओलं. सगळे ढब्बूकडे बघत असताना चिंगीने मागून सॉसेज उचलले. ओसरी, तुमची गौरीची गोष्ट वाचून मी नवऱ्याला हाक मारली, म्हटलं हे बघ, हे सगळीकडे असंच करतात.
पिशवीतल्या भाकरवड्या होत्या त्या सगळ्या त्यांना दिल्या. त्यांची लहान मुलगी नंतर प्रत्येक वेळी भेटली की भाकरवडी मागते.

मिरजवाली
+१ मराठी कळणाऱ्या कुत्र्यांसाठी.

घाटमाथा
रेल्वेने कुणी नेलंय का दोघांना? आम्ही बदलीच्या वेळी कोल्हापूरहून मुंबईला नेलं. पहिल्या वर्गाच्या एसीत पूर्ण कूपे (दोन बर्थची बंद खोली) आपल्या नावावर असेल तरच बरोबर घेता येतात, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटीत सोडायला मन होईना. कूपे मिळतोय की नाही ते चार्ट लागेपर्यंत कळत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणी जेवलं नाही घरात. मिळाला एकदाचा.

गाडी सुटली आणि इंजिनाने शिट्टी दिली. जिमीने मान वर करून सूर लावला. मग मनीनेही. (हो, कुत्रीचं नाव मनी. मुलाने ठेवलंय.) प्रत्येक शिट्टीला दोघांचं गाणं. तिकीट तपासनीस आले, कागद बघितले, लसीचा दाखला बघितला, तेवढ्यात शिट्टी झाली आणि त्यांनी पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं. म्हणाले, मनीचा आवाज चांगला आहे. पुण्याला रात्री चहावाला खिडकीपाशी आला तर काचेला दोन नाकं. त्याने बिस्किटाचा पुडा दाखवला आणि दोघांनी काच चाटून पांढरी केली. उतरताना शेजारच्या कूपेतल्या काकू भेटल्या. मला वाटलं झोपमोड झाली म्हणून बोलतील. त्यांनी मोबाइलवर गाणं रेकॉर्ड केलं होतं, नातवाला पाठवायला.

पोळपाट
@ओसरी उलथनं उभं राहिलं!! धन्यवाद. पोळ्या मांजर बघतंय फक्त.

कृष्णाकाठी
सांगलीचं नाव वाचलं म्हणून लिहिते. २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही सगळे गच्चीवर. मी, हे, सासूबाई आणि गुंड्या-पिंकी. बोट आली. पोरं म्हणाली आधी माणसं, आणि बरोबरच होतं त्यांचं, पुढच्या गल्लीत बाळंतीण अडकली होती. पण बोटीत जागा होती. गुंड्या पहिला उतरून बसला. पिंकी पाण्याच्या टाकीखाली शिरली, ती काही केल्या निघेना.

बोट जरा सरकली आणि गुंड्याने पाण्यात उडी मारली. पोहत जिन्यापाशी गेला, वर चढला, टाकीखाली पिंकीजवळ जाऊन बसला. सासूबाई ऐंशीच्या पुढे. बोटीची कड धरून म्हणाल्या, "दोघं येत असतील तर मी येते, नाहीतर मला उतरवा."
त्यातला एक पोरगा काही न बोलता वर गेला. धुण्याचा निळा टब होता गच्चीवर, त्यात पिंकीला बसवली, वरून ह्यांचा टॉवेल टाकला आणि टब डोक्यावर घेऊन आला. गुंड्या मागोमाग. सगळी वाट त्याने टबाच्या काठावर हनुवटी टेकवलेली. वाटेत एका घराच्या पत्र्यावर चार मांजरं दिसली, तरी त्याने मान वळवली नाही. एरवी मांजर दिसलं की आवरत नाही तो.
शाळेत उतरलो, तिथे सगळ्यांना खिचडी होती. पिंकी टबातून निघायला तयार नाही म्हणून तिला टबातच वाढली. त्या पोराचं नाव विचारायला मिळालं नाही. तुझं भलं होवो रे बाबा, जिथे असशील तिथे.

झणझणीत
कृष्णाकाठी ताई __/\__
आता काही लिहवत नाही.

ओसरी
@कृष्णाकाठी आमचा वाडा तोपर्यंत विकलेला होता, पण पाणी कुठवर आलं होतं ते फोटोत बघितलंय. सासूबाईंना साष्टांग. आहेत ना?

कृष्णाकाठी
आहेत. दर गुरुवारी औदुंबरला जायचं म्हणतात, गुडघे ऐकत नाहीत. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात ना, त्या गुंड्या-पिंकीकडे बघून म्हणतात आपण निम्म्यावर आलोय. हे ऐकून ह्यांनी लगेच दार लावून घेतलं.

नवखा_सातारा
सगळं वाचून काढलं, ऑफिसचं काम बाजूला. माझा प्रश्न: आमचा पेढा ३ वर्षांचा, एकुलता. सोसायटीच्या जिन्याखाली एक पिल्लू आहे, पावणेदोन महिन्यांचं असेल. आई कुठे दिसत नाही. आणावं असं सगळ्यांनाच वाटतंय. पेढा भांडेल का?

घाटमाथा
आणा आणा.

गोठा_ते_दवाखाना
@नवखा_सातारा आणा, पण क्रमाने. आधी पिल्लू डॉक्टरांना दाखवा. जंत, गोचीड, पार्वो या आजाराची लस. पेढाची लस चुकली असेल तर तीही. सुरुवातीला वेगळ्या खोलीत ठेवा, एकमेकांचा वास दाराखालून येऊ दे. पहिली भेट घराबाहेर, जिथे कुणाचीच मालकी नाही अशा जागी. जेवणाच्या थाळ्या वेगळ्या आणि लांब. पेढा गुरगुरला तर त्याला मारू नका, तो इशारा देतोय आणि ते चांगलं आहे. पिल्लाला बाजूला घ्या. कौतुक करताना आधी पेढाचं.

जुन्नरी
आन पिलाला पेढ्याच्या जागंवर झोपवू नका.

नवखा_सातारा
@जुन्नरी झोपलं ते पेढ्याच्या जागेवर. आजच आणलं, राहवलं नाही. डॉक्टरांना दाखवून आणलं, वेगळी खोली केली होती, पण आईने दार उघडलं आणि ते सरळ त्याच्या गोणपाटावर. पेढा उठला, दोन फेऱ्या मारल्या, एकदा गुरगुरला, मग बाजूच्या फरशीवर झोपलाय. आम्ही पाळीपाळीने जागे राहणार आहोत. कुत्री आहे. नाव सुचवा.

रातराणी
कंदी! पेढा आणि कंदी.

स्प्रेकाठची
कंदी मस्त. आमच्या जर्मन आजींनाही म्हणता येईल.

झणझणीत
बर्फी. किंवा जिलबी.

मिरजवाली
कंदीला माझं मत.

गोठा_ते_दवाखाना
नाव काहीही ठेवा, ३ महिने पूर्ण झाले की रेबीजची लस. तोवर कुणाला दात लागला, ओरखडा आला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. नवख्या पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि खेळताना लागतातच. आईंनाही सांगून ठेवा.

नवखा_सातारा
सांगितलं. आईने साबणाची वडी आत्ताच नळापाशी नेऊन ठेवली. कंदी ठरलं.