नाताळच्या सुट्टीत पाच पोरं आणि कुकीज, घरात ओव्हन नाही, काय करू?

टिळकवाडीची_मामी:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत निपाणीहून नणंदेची दोन पोरं आणि खानापूरहून भावाचा मुलगा येऊलालेत, घरची दोन आहेतच. सगळ्यात धाकटी चार वर्षांची, मोठा अकराचा. सगळ्यांनी फोनवर आधीच ठरवून टाकलंय की कुकीज करायच्या, त्या व्हिडिओत दाखवतात तसल्या, तारे, झाडं आणि वर रंगीत आयसिंग. माझ्याकडं ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह आहे खरं तो साधा, दूध गरम करायचा. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही. कढईत होतात म्हणे, कुणी केल्यात का? का सरळ बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यावं? आणि चार वर्षांच्या पोरीला काय काम द्यायचं तेही सांगा, ती नुसती बघत बसणाऱ्यातली नाही.

खानापूरकर:
कढईत होतात की. जाड बुडाची अॅल्युमिनियमची कढई घ्या, तळाला मिठाचा थर, त्यावर रिंग, झाकण ठेवून मध्यम गॅसवर दहा मिनिटं तापू द्या, मग ताटली आत ठेवून बारीक गॅसवर पंधरा ते वीस मिनिटं. नॉनस्टिक अजिबात घेऊ नका, ते रिकामं तापवायचं नसतं. मायक्रोवेव्ह विसरा, कन्व्हेक्शनवाला असता तर गोष्ट वेगळी.

शहापूरची_अक्का:
कढईत होतात हे बरोबर आहे वो, खरं एका वेळी मावतात किती, सहा-सात. पाच पोरांच्या चाळीस कुकीज भाजायला संध्याकाळ होईल आणि "माझी कधी माझी कधी" करून तुमचं डोकं उठेल. शिवाय पोरं सगळा वेळ गॅसभोवती. पोरांना भाजण्यात गंमत नसतेच, त्यांना पिठात हात घालायचे असतात. तेवढं घरी करा आणि भाजायला भट्टीत द्या. आपल्याकडं नानकटाई अशीच तर होते, दिवाळीत डबे घेऊन लाईनीत उभं राहिलो नाही का आपण सगळे.

बिनअंड्याचं माप एकदम सोपं आहे, एक, दोन, तीन. 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम लोणी, 300 ग्रॅम मैदा, चाळीसेक लहान कुकीज होतात. अमूलचं पिवळं लोणी मिठाचं असतं, म्हणून वरून मीठ नको. लोणी आणि साखर हातानं फेटायचं, मग मैदा, मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, जास्त मळलं की कडक होतात. बेकिंग पावडर, सोडा काही घालू नका, फुगलं की ताऱ्याची टोकं जातात. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटा, पाऊण बोट जाडी. पातळ लाटाल तर कडा करपतात.

तुपात करायच्या असतील तर 200 च्या जागी 160 ग्रॅम तूप पुरतं, लोण्यात पाणी असतं तसं तुपात नसतं. डिसेंबरात बेळगावात तूप दगड होतं, तरी वितळवू नका, रात्रीच ओट्यावर काढून ठेवा आणि सकाळी तळहातानं फेसा. वितळलेल्या तुपाच्या भाजताना पसरतात.

टिळकवाडीची_मामी:
अक्का किती छान समजावलंत! पाऊण बोट म्हणजे आडवं ना? आणि कटर नाहीत माझ्याकडं, खडेबाजारात मिळतील का?

शहापूरची_अक्का:
आडवं हो, करंगळीचं धरा 😄 भांड्यांच्या दुकानात विचारा, मिळतील, नाहीतर वाटी, झाकणं, शंकरपाळ्याची फिरकी आहेच की. फिरकीनं त्रिकोण कापले की झालं झाड.

भट्टीवरचा:
माझी स्वतःची बेकरी आहे, नाव सांगत नाही, जाहिरात केली म्हणाल. भट्टीत देणार असाल तर आधी येऊन विचारून जा. नाताळच्या आठवड्यात आम्ही केकमध्ये बुडालेलो असतो, 23, 24 ला कुणी डबा घेऊन आलं तर खरंच हात जोडावे लागतात. 20-21 च्या आत उरका.

वेळही विचारा. पहाटे भट्टी पावाच्या तापावर असते, त्यात बिस्किटं घातली तर मिनिटात काळी. पाव निघाल्यावर ताप उतरत जातो, तो बिस्किटांचा ताप, म्हणजे दुपारकडं. गोळा नका आणू, आकार कापूनच आणा, मोठ्या डब्यात थरामध्ये कागद घालून. पत्र्यावर आमची पोरं लावतील. तुमची पोरं आली तर दारातून दाखवू, आत नाही घेणार, तिथं सगळं तापलेलं असतं. पैसे किलोवर, प्रत्येकाचा दर वेगळा.

आणि एक, बाहेर काढल्यावर मऊच लागणार, कच्ची राहिली म्हणून परत भाजायला सांगू नका. गार झाली की कडक होतात. रोज कुणी ना कुणी भांडतं यावरून.

कॅम्पातली_आँटी:
आमच्या घरी नाताळला कुकीज कधीच नव्हत्या, कुस्वार असतो, म्हणजे नाताळचा फराळ, नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं. पोरांसाठी कुलकुलांसारखं दुसरं काम नाही. मैदा, नारळाचं दूध, थोडी साखर, चिमूटभर मीठ, थोडं तूप, अंडं नाही घातलं तरी चालतं. सुपारीएवढी गोळी काट्या-चमच्याच्या पाठीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, वर रेघा उठतात, शंख तयार. नवा कोरा कंगवा पण चालतो, माझी आई कंगव्यावरच करायची. तळायचं मोठ्यांनी, पोरं त्या वेळी बाहेर. चार वर्षांची पोरगी तासभर हलत नाही बघ, वाकडी झाली तरी तेलात सगळी सारखीच खुसखुशीत. एक दिवस कुकीज, एक दिवस कुलकुलं कर.

निपाणी_चिकोडी_रोड:
कुलकुलं +1. अंगणात कागद टाकून बसवा, ओट्याजवळ पाच जण मावत नाहीत.
कामं वाटून द्या नाहीतर मारामारी. मोठ्याला वजनकाटा. मधल्यांना लाटणं आणि कापणं. धाकटीला काट्यानं टोचे मारायचं काम. टूथपिकनं प्रत्येकाच्या कुकीवर त्याचं अक्षर कोरा, भट्टीतून सगळं एकत्र येतं तेव्हा माझी कुठली म्हणून रडारड होते. धाकटी आहे तर वर अख्खे काजू, बदाम नकोत, घशात अडकतात, पूड चालेल. आणि कच्चा गोळा खाऊ देऊ नका, अंडं नसलं तरी कच्चा मैदा पोटाला वाईटच. शेजारी चुरमुऱ्यांची बशी ठेवा, तोंड चालू राहतं.

टिळकवाडीची_मामी:
ठरलं, 19 ला कुलकुलं आणि 20 ला भट्टी, आजच जाऊन विचारून येते. आयसिंग राहिलं तेवढं सांगा की कुणीतरी, अंड्याशिवाय होतं का?

शहापूरची_अक्का:
होतं. वाटीभर आयसिंग शुगर, दोन-तीन चमचे दूध, एकेक चमचा करत घाला, पटकन पातळ होतं. गुलाबीला बिटाच्या रसाचे थेंब, पिवळ्याला चिमटीभर हळद, वास येईल इतकी नको. प्लास्टिकचा मेंदीच्या कोनासारखा कोन करून द्या. कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू देऊ नका, गरमवर सगळं ओघळतं. भट्टीतून आणल्यावर तासभर पोरांना कुठंतरी पिटाळा.

निपाणी_चिकोडी_रोड:
आणि आयसिंग वाळायला रात्र लागते, लगेच डब्यात भरलं तर एकमेकांना चिकटतात. परातीत पसरून वर जाळी ठेवा, मुंग्यांसाठी परातीखाली पाणी.

टिळकवाडीची_मामी:
आत्ताच जाऊन आले, भट्टीवाले 20 ला दुपारी तीनला या म्हणाले. खरं म्हणतात डब्यावर नाव घाला, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जातात 😅

भट्टीवरचा:
घालाच. डब्यावर पण आणि झाकणावर पण.